आधी यंत्र, मग मेण

जुना फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या पोकळ नळकांड्यावर (सिलिंडरवर) भरलेला आवाज वाजवणारं यंत्र, हाती लागला की पहिली ऊर्मी येते ती सिलिंडर चढवून चाबी फिरवून बघण्याची. ती ऊर्मी आवरा, असं मी प्रत्येकाला सांगते. यंत्र लोखंड, पितळ आणि लाकडाचं असतं. त्यातलं जवळपास सगळं दुरुस्त होतं, नाही झालं तर नवं घडवून बसवता येतं. सिलिंडर मात्र मेणाचा. त्याच्या खाचेतून एकदा निघालेला कण परत बसत नाही, आणि त्या कणाबरोबर आवाजाचा तेवढा तुकडा कायमचा जातो. म्हणून माझ्या एडिसन स्टँडर्डची दुरुस्ती मी एकाच क्रमाने केली: मेणाला स्पर्श करायच्या लायकीचं यंत्र झाल्याशिवाय मेण त्याच्याजवळ न्यायचं नाही.

स्टँडर्ड हा नमुना 1898 साली बाजारात आला. त्याआधी एकवीस वर्षं, 1877 मध्ये, एडिसनने कथलाच्या वर्खावर आवाज उमटवून दाखवला होता, पण तो वर्ख दोनचार वेळा वाजवला की संपायचा. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी पुठ्ठ्याच्या नळीवर मेणाचा थर देऊन त्यात खाच कोरायची युक्ती काढली, एडिसनने 1888 पर्यंत अख्खा मेणाचाच सिलिंडर केला, आणि पुढच्या दहा वर्षांत चावीवर चालणारी छोटी यंत्रं घराघरांत जाऊ लागली. माझं यंत्र त्यांपैकी. ओक लाकडाची पेटी, वर काळ्या एनॅमलची लोखंडी बैठक, तिच्यावर सोनेरी बारीक रेघा, आणि पेटीच्या दर्शनी बाजूला एडिसनचं नाव लिहिलेलं चित्र. फक्त दोन मिनिटांचे सिलिंडर वाजवणारं. चार मिनिटांच्या सिलिंडरसाठी लागणारी जादा दातेरी चाकं त्याला कधी बसवलेलीच नव्हती.

चाबी फिरत होती, पण मँड्रेल हलत नव्हतं. मँड्रेल म्हणजे ज्या निमुळत्या नळीवर सिलिंडर चढतो ती. सुईला सिलिंडरवरून पुढे नेणारं कॅरेज एका जागी घट्ट बसलेलं, पट्टा नाहीसा, कर्णा चेपलेला. रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई आणि आवाज काढणारा पडदा असलेली डबी, जागेवर होता, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं.

काही सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. हे सगळेच सांगतात, पण कुठल्या गोष्टीचे काढायचे ते फार कुणी सांगत नाही. अख्ख्या यंत्राचे सुंदर फोटो कामाला येत नाहीत. प्रत्येक स्क्रू किती आत गेलाय, स्प्रिंगची पट्टी कुठल्या दिशेने वळलीय, वॉशर कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली आहे, याचे जवळून घेतलेले फोटो परत जोडताना वाचवतात. स्क्रू-ड्रायव्हरचंही तसंच. त्या काळच्या स्क्रूंच्या डोक्यावरची चीर अरुंद आणि सरळ कडांची असते. आजचा ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, तो चिरेत पूर्ण उतरत नाही, निसटतो आणि डोकं फाडतो. मी दोन ड्रायव्हरांची टोकं कानशीने घासून त्या चिरांच्या मापाची करून घेतली. गंजलेल्या स्क्रूंना भेदक तेलाचा थेंब द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या वाटेला जायचं नाही.

बैठक उचलली की खाली मोटर लटकलेली दिसते. मोटर म्हणजे एक बंद डबा, त्यात गुंडाळलेली काही मीटर लांबीची पोलादी पट्टी, तिच्यापुढे दातेरी चाकांची रांग आणि शेवटी वेग सांभाळणारा गव्हर्नर. स्प्रिंगबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण अख्ख्या कामात शरीराला खरा धोका एवढ्याच ठिकाणी आहे. चाबीचा ताण पूर्ण उतरला, मोटर थांबली, म्हणजे स्प्रिंग निवली असं मुळीच नसतं. डब्याच्या भिंतीने तिला कोंडून धरलेलं असतं. झाकण काढून पट्टीचं आतलं टोक ओढलं की उरलेली सगळी वेटोळी एकदम बाहेर उसळू शकतात, आणि त्या पट्टीची कड धारदार असते. जाड कातडी हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि मोकळी जागा, या तिन्ही गोष्टी नसतील तर डबा बंदच राहू द्यावा. मी डबा जुन्या जाड चादरीत गुंडाळून, एका हाताने वेटोळी आत दाबून धरत, आतून एकेक वळण मोकळं करत गेले. घाई अजिबात नाही. शेवटचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीवरच्या खुंटीत अडकलेलं असतं. ते सुटलं की मग श्वास घ्यायचा.

आतलं ग्रीस ग्रीस राहिलेलं नव्हतं. मूळचं वंगण ग्राफाइट मिसळलेलं असायचं; दशकं गेली की त्यातलं तेल उडून जातं आणि काळा, डांबरासारखा चिकट थर उरतो. तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतो. मग मोटर चालताना वेटोळी सावकाश न सुटता गठ्ठ्याने सुटतात आणि पेटीतून धप्प असा आवाज येतो. तो धक्का दातेरी चाकांमधून मँड्रेलपर्यंत पोचतो आणि सुई खाचेत असेल तर खाचेला बसतो. मेणाला यंत्रापासून वाचवायचं म्हणजे काय, ते मला इथे पहिल्यांदा नीट कळलं. पेटीच्या तळाशी असलेलं शिळं ग्रीससुद्धा शेवटी सुईच्या टोकाशी जाऊन बोलतं.

पट्टी रॉकेलमध्ये भिजवून, चिंध्यांनी पुसून, पुन्हा भिजवून पुन्हा पुसली. घराबाहेर, आगीपासून लांब. स्वच्छ झाल्यावर पूर्ण लांबीवर बोट न फिरवता नजर फिरवली: गंजाचे खड्डे, आडव्या चिरा, टोकाच्या भोकाजवळचा तडा. बारीक खड्डे होते, ते मऊ पॉलिश पेपरने घासले. चिरा नव्हत्या. चीर असती तर स्प्रिंग बदलणं भागच होतं. आजही या मापाच्या नव्या स्प्रिंगा बनतात. पट्टी परत डब्यात भरताना ज्या दिशेने ती निघाली त्याच दिशेने, बाहेरचं टोक आधी खुंटीत अडकवून, एकेक वळण हातानेच आत दाबत नेलं. मधूनमधून नवं ग्रीस, ग्राफाइटसह. फार नाही. जास्त झालेलं ग्रीस डब्याच्या फटीतून बाहेर येऊन दातेरी चाकांवर उडतं.

चाकं, त्यांचे आस, बेअरिंगची भोकं हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात सांगण्यासारखं थोडं. टोकदार लाकडी काडीने प्रत्येक दात्याची फट साफ करायची, आस चकाकेपर्यंत पुसायचे, भोकं काडीला गुंडाळलेल्या कापसाने साफ करायची, जोडताना प्रत्येक टेकूवर हलक्या तेलाचा थेंब द्यायचा. पितळी चाकांना चमक आणायच्या फंदात मी पडले नाही. दात्यांमध्ये अडकलेलं पॉलिश हे घासायचं साधन आहे, वंगण नव्हे.

गव्हर्नरपाशी मात्र मी बराच काळ थांबले. त्याची रचना बघितली की त्या काळच्या कारागिरांबद्दल आदर वाटतो. एका वेगाने फिरणाऱ्या आसाभोवती तीन पातळ स्प्रिंगपट्ट्या, प्रत्येकीच्या मध्यावर एक वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, पट्ट्या वाकतात आणि आसावरची चकती आपल्याकडे ओढून घेतात. चकतीला एका कातडी टेकूचा स्पर्श होतो आणि घर्षणाने वेग उतरतो. वेग उतरला की वजनं आत येतात, चकती सुटते. हे सतत, सेकंदात कित्येकदा चालू असतं. वेग ठरवायचा स्क्रू म्हणजे तो कातडी टेकू किती जवळ ठेवायचा, एवढंच.

माझ्या गव्हर्नरची एक पट्टी तडकलेली होती. बाकी दोन चांगल्या दिसत होत्या, तरी तिन्ही बदलल्या. तीन पट्ट्यांची जाडी आणि ताण सारखा नसेल तर एक वजन इतरांहून जास्त फाकतं, आस थरथरतो आणि ती थरथर लांबलेल्या स्वरांत कापरेपणा बनून ऐकू येते. पट्ट्या बसवताना स्क्रू आधी सैल ठेवून, वजनं बोटाने हलवून तिन्ही आपोआप सरळ बसू दिल्या आणि मगच आवळल्या. पिळलेली पट्टी काही दिवसांत भोकापाशीच तुटते. कातडी टेकू दगडासारखा कडक झालेला होता, त्यामुळे चकतीवर तो किंचाळायचा. नवं मऊ कातडं कापून बसवलं आणि त्याला तेल पाजलं. कोरडं कातडं चकतीला धरून ठेवतं आणि सोडतं. तेल प्यायलेलं कातडं तिच्यावरून सरकतं.

मोटरपासून मँड्रेलपर्यंत गती जाते ती कातडी पट्ट्याने. पट्ट्याच्या सांध्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. दोन टोकं एकावर एक ठेवून चिकटवली तर तिथे जाडी दुप्पट होते आणि तो जाड भाग पुलीवरून जाताना दर वेळी मँड्रेलला ढुशी बसते. गाणं ऐकताना एक ठरावीक हिसका ठरावीक अंतराने आला की समजावं, पट्ट्याचा सांधा. दोन्ही टोकं उताराने छाटून अशी जोडली की सांध्याची जाडी बाकीच्या पट्ट्याएवढीच राहिली. पट्टा हवा तेवढाच ताणलेला असावा. घट्ट पट्टा मँड्रेलचा आस एका बाजूला ओढून धरतो आणि स्प्रिंगची ताकद फुकट खातो.

मँड्रेल उजव्या टोकाला एका झुलत्या फाटकाच्या आधारावर टेकतं. फाटक उघडायचं, सिलिंडर चढवायचा, फाटक लावायचं. या टेकूचा स्क्रू किंचित सैल असेल तर मँड्रेल पुढेमागे सरकतं, किंचित घट्ट असेल तर जड फिरतं. पट्टा काढून, हाताने हलका झटका देऊन मँड्रेल किती वेळ आपलं आपण फिरतं ते बघत मी तो स्क्रू लावला. आधी झटकन थांबत होतं, मग निवांत फिरू लागलं.

आता फीड स्क्रू. मँड्रेलच्या आसाचाच पुढचा भाग आट्यांचा असतो आणि त्याच्यावर कॅरेजचा ‘अर्धा नट’, म्हणजे आतून आटे असलेला नटाचा अर्धा तुकडा, टेकलेला असतो. मँड्रेल एक फेरा फिरलं की कॅरेज एक आटा पुढे सरकतं. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला 100 खाचा असतात, म्हणून या स्क्रूलाही इंचाला 100 आटे. दोन आट्यांमधलं अंतर पाव मिलिमीटर. म्हणजे इथे धुळीचा कण ही बारीक गोष्ट नाही. आट्यांत जमलेली घाण काढायला मी सुती दोरा वापरला. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा स्क्रूभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मँड्रेल सावकाश फिरवायचं. दोरा आट्यांतून आपोआप पुढे चालत जातो आणि मळ घेऊन बाहेर पडतो. दोरा काळा झाला की नवा घ्यायचा. तारेचा ब्रश इथे कदापि नको.

अर्धा नट भिंगाखाली बघितला तेव्हा त्याचे मधले आटे झिजून सपाट झालेले दिसले. असा नट कधी पकडतो, कधी घसरतो. घसरला की कॅरेज जागीच राहतं आणि सुई पुढच्या खाचेकडे जाण्याऐवजी तिथल्या तिथे खाचेची भिंत घासते. थोडी झीज असलेला नट जास्त दाब देऊन चालवता येतो, असं सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. दाब वाढवला की फीड स्क्रूही झिजू लागतो, आणि नटापेक्षा तो मिळणं फार अवघड. नवा नट बसवला आणि त्याच्या स्प्रिंगचा दाब इतकाच ठेवला की आटे धरले जावेत. मग रिप्रोड्यूसरशिवाय कॅरेज डावीकडून उजवीकडे पूर्ण चालवून बघितलं. कुठेही न अडखळता ते शेवटपर्यंत गेलं.

मग वेग. 1902 पासून साच्यात ओतलेले सिलिंडर निघू लागले तेव्हा मिनिटाला 160 फेरे हा वेग पक्का झाला. त्याआधीच्या तपकिरी मेणाच्या सिलिंडरांचा वेग ठरलेला नव्हता; 120 पासून 160 पर्यंत काहीही सापडतं. वेगात दहाएक फेऱ्यांचा फरक पडला तरी गाण्याची पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते किंवा उतरते, त्यामुळे अंदाजाने वेग लावणं मला मंजूर नव्हतं. विजेच्या दिव्याची लुकलुक वापरायची पद्धत सोपी आहे: ठरावीक संख्येच्या काळ्या रेघा आखलेली कागदी पट्टी मँड्रेलभोवती गुंडाळायची, वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात. वीज 60 हर्ट्झची असेल तर 160 फेऱ्यांसाठी नेमक्या 45 रेघा लागतात. 50 हर्ट्झवर मात्र हिशेब साडेसदतीसवर येतो, आणि अर्धी रेघ आखता येत नाही.

त्यावरचा उपाय मला फार आवडला. एकाऐवजी दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावायच्या, एक 37 रेघांची आणि दुसरी 38 रेघांची. पहिली सुमारे 162 फेऱ्यांना स्थिर होते, दुसरी सुमारे 158 ला. वेग बरोबर 160 असेल तेव्हा 37 ची पट्टी हळूहळू मागे सरकताना दिसते आणि 38 ची तितक्याच हळू पुढे. दोघींची चाल सारखी आणि दिशा उलट झाली की स्क्रूवरचा हात काढायचा. दिवा मात्र निऑनचा हवा, विजेच्या टेस्टरमध्ये असतो तसा छोटा नारिंगी. बऱ्याच एलईडी दिव्यांमध्ये ही लुकलुक नसतेच. स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना आणि अर्ध्याहून जास्त उतरलेली असताना, दोन्ही वेळा वेग तपासला. गव्हर्नर नीट असेल तर दोन्हींत फरक दिसत नाही. मला दिसला नाही.

इथपर्यंत यंत्र फक्त फिरत होतं. आवाज येतो तो रिप्रोड्यूसरमधून, आणि माझा सगळा जीव त्याच्यात होता. माझ्याकडचा रिप्रोड्यूसर ‘सी’ नमुन्याचा, दोन मिनिटांच्या सिलिंडरसाठीचा. मुठीत मावेल एवढ्या या गोल डबीत एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या मध्याला एक बारीक दुवा, दुव्याचं दुसरं टोक एका छोट्या तरफेला आणि तरफेच्या टोकाला नीलमाचा खडा. खालून एक वजन बिजागरीवर लटकतं, तरफ त्यालाच जोडलेली असते. सपाट तबकडीच्या बहुतेक ग्रामोफोनमध्ये सुई डावी-उजवी हलते. सिलिंडरमध्ये ती वर-खाली हलते, कारण आवाज खाचेच्या कमीजास्त खोलीत असतो. ही खोली इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपासची. एवढ्या हालचालीतून कर्ण्याबाहेर खोली भरेल इतका आवाज काढायचा, तोही विजेविना, म्हणजे वाटेत कुठेही गळती परवडत नाही.

गळती होती. पडद्याच्या वर आणि खाली रबरी कड्या असतात. त्या पडद्याला काठाशी धरून ठेवतात, पण मऊपणे, म्हणजे तो थरथरू शकेल. शंभर वर्षांत रबर हाडासारखं कडक होतं आणि पडदा जखडला जातो. आवाज बारीक, कर्कश आणि तळ नसलेला येतो. एवढंच असतं तर ऐकणाऱ्याची गैरसोय म्हणून सोडून दिलं असतं. पण पडदा हलायला तयार नसेल तर सुई खाचेच्या चढावर सहज उचलली जात नाही, ती चढ घासून काढते. बेसूर रिप्रोड्यूसर सिलिंडर खातो, हे मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. वाईट आवाज हा नुकसान चालू असल्याचा पुरावा असतो.

या सगळ्याला वरून दाबून धरणारी पितळी कडी सोडवायला तिच्यातल्या दोन भोकांत बसेल असा पान्हा हवा. पक्कड लावली तर पितळ ओरबाडलं जातं. जुनं रबर लाकडी काडीने तुकड्या-तुकड्याने काढलं. पडदा बाहेर काढण्याआधी दुवा सोडवायचा असतो, नाहीतर पडद्याच्या मध्याला पीळ पडतो. माझा पडदा चांगला होता, सुरकुती नाही, भोक नाही. तो फक्त मऊ ब्रशने झटकला. नव्या मऊ रबरी कड्या घातल्या आणि वरची पितळी कडी हळूहळू आवळत नेली. कुठे थांबायचं ते बोटानेच ठरवावं लागतं. सैल राहिली तर पडदा गुणगुणतो, जास्त आवळली तर नवं रबरही जुन्यासारखंच वागतं. दुव्यावर नखाने अगदी हलकी टिचकी मारून, डबीचं तोंड कानाशी धरून ऐकत होते. सुरुवातीला कोरडी टकटक, आणि एका ठिकाणी आल्यावर तिच्यात थोडी गोलाई आली. तिथे थांबले.

नीलम भिंगाखाली वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून बघितला. त्याची कड गुळगुळीत गोल असायला हवी. त्यावर कपची उडालेली असेल तर तो खडा पटाशीसारखा मेण तासत जातो, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो. माझा खडा शाबूत होता. नसता तर बदलल्याशिवाय मी पुढे गेले नसते. आणि शेवटी वजनाची बिजागरी. वजन वर-खाली मोकळं हललं पाहिजे, तसंच थोडं डावीउजवीकडेही. फीड स्क्रू कॅरेजला ढोबळमानाने खाचेबरोबर नेतो, पण खाच नेमकी कुठे आहे ते वजनाची ही डावीउजवी मोकळीक सांभाळून घेते. बिजागरीत घट्ट झालेलं तेल साफ केलं आणि नवं तेल मुद्दाम घातलं नाही. तिथे तेल धूळ धरतं.

पेटी, बैठक आणि कर्णा यांच्याबाबतीत माझं मत ठाम आहे: कमीत कमी हात लावायचा. ओकवरचं मूळ लाखेचं रोगण भेगाळलेलं होतं, पण होतं. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लाख विरघळवतं, आणि लाखेबरोबर एडिसनच्या नावाचं ते चित्रही जातं. मऊ मलईसारखं, खरखरीत कण नसलेलं हात धुण्याचं क्लीनर आधी पेटीच्या मागच्या कोपऱ्यावर लावून बघितलं, मग बाकी लाकडावर, कापसाच्या बोळ्याने, न रगडता. चित्राला स्पर्शच केला नाही; त्याच्या भोवतीची धूळ कोरड्या ब्रशने काढली. बैठकीच्या सोनेरी रेघा जिथे पुसल्या गेल्यात तिथे पुसलेल्याच राहिल्या. निकेलचा मुलामा उडालेल्या भागांवर नवा मुलामा चढवावा असं सुचवलं गेलं. चढवला नाही. मुलाम्यासाठी आधी धातू घासून चकचकीत करतात, त्यात मूळ कडा आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात.

कर्णा पत्र्याचा. चेपलेली जागा आतून लाकडी गोलसर ठोकळ्याने दाबत, ठोकून नव्हे, बऱ्यापैकी उचलली. सांध्याजवळचा एक भाग सुटला होता, तो ठरावीक स्वरांना झणझणायचा. तो जोडून घेतला. कर्णा आणि रिप्रोड्यूसर यांना जोडणारी रबरी नळी नवी घातली. इथेही रबर मऊच लागतं, कारण कॅरेज उजवीकडे सरकताना कर्ण्याला बरोबर ओढत नेतं आणि कडक नळी त्याला मागे खेचते.

आणि मग मेण. यंत्राबरोबर आलेल्या सिलिंडरांमध्ये बहुतेक एडिसनचे काळे, साच्यात ओतलेले दोन मिनिटांचे होते. एक निळा होता. 1912 पासून आलेले हे निळे सिलिंडर सेल्युलॉइडचे, आत प्लास्टर, इंचाला 200 खाचा, आणि त्यांना हिऱ्याची सुई लागते. तो या यंत्रावर वाजवायचाच नाही, कारण माझा नीलम त्या खाचेपेक्षा रुंद आहे. उलट बाजूने, हिऱ्याचा जड रिप्रोड्यूसर मेणाच्या सिलिंडरवर ठेवणं म्हणजे तो नांगरणं. काहींवर पांढरट ठिपक्यांची नक्षी होती, ती बुरशी. बुरशी मेणाच्या वर बसत नाही, मेण खात आत जाते, त्यामुळे पुसून आवाज परत येत नाही. त्यातला सगळ्यांत बिघडलेला, वाचण्याच्या पलीकडे गेलेला सिलिंडर चाचणीसाठी बाजूला काढला.

मेणाचा सिलिंडर बाहेरून धरायचा नाही. दोन बोटं आत घालून, ती आतून अलगद फाकवून उचलायचा. थंड मेणाला हाताची ऊब एकाच जागी लागली तरी ते तडकू शकतं, म्हणून सिलिंडर आणि खोली दोन्ही एका तापमानाला येईपर्यंत डबे बंदच ठेवले होते. मँड्रेलवर चढवताना नाव लिहिलेली कड उजवीकडे, आणि निमुळत्या नळीवर जिथे तो आपणहून टेकेल तिथेच थांबायचं, दाबायचं नाही.

चाचणीच्या सिलिंडरवर बुरशीची सळसळ होतीच, पण तिच्यामागे स्वर सरळ होते. लांबलेल्या सुरात कापरं नाही, ठरावीक अंतराने हिसका नाही, पेटीतून धप्प नाही. शेवटच्या खाचेपर्यंत कॅरेज सुरळीत गेलं. सुई उचलून खडा भिंगाखाली पुन्हा बघितला: त्याला मेणाची भुकटी चिकटली असती तर काम संपलेलं नाही असा अर्थ. खडा स्वच्छ होता. मगच एक चांगला सिलिंडर चढवला. सुरुवातीच्या एडिसन सिलिंडरांवर गाण्याआधी एक निवेदक मोठ्या आवाजात गाण्याचं आणि गायकाचं नाव सांगतो. हा निवेदक वेगाची उत्तम परीक्षा आहे. वाद्य थोडं वर-खाली लागलं तरी कानाला चालून जातं, पण माणसाचा बोलका आवाज जरा चढला की लगेच पोरकट वाटतो. माझा निवेदक मोठ्या माणसाच्या आवाजात बोलला. त्यानंतर बँड सुरू झाला आणि मी खुर्चीतून उठून चक्क कर्ण्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत एकाच दर्जाचा येतो, हे सिलिंडरचं वैशिष्ट्य तिथे उभं राहून जाणवलं. तबकडीवर सुई मध्याकडे जाते तसा खाचेचा वेग कमी होत जातो. सिलिंडरवर तो सर्वत्र सारखा, सेकंदाला सुमारे 46 सेंटिमीटर.

त्या डब्यांमध्ये एक तपकिरी सिलिंडर आहे, नाव नसलेला. कोऱ्या सिलिंडरवर घरी आवाज भरता यायचा. त्यासाठी या यंत्रांना वेगळा रेकॉर्डर मिळत असे. तो सिलिंडर कुणाच्या तरी घरातला असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तसा असेल तर त्याची दुसरी प्रत जगात नाही. असेच एकुलते एक सिलिंडर जेसी वॉल्टर फ्यूक्स या मानववंशशास्त्रज्ञाने 1890 मध्ये अमेरिकेतल्या पासामाक्वोडी या आदिवासी समाजाची गाणी आणि कथा टिपायला वापरले, आणि त्या समाजाचे ते आवाज आज आहेत ते केवळ त्या मेणामुळे. तपकिरी मेण काळ्यापेक्षा मऊ असतं, ‘सी’ रिप्रोड्यूसरचं वजन त्याला जड. यंत्र कितीही चांगलं झालं असलं तरी मी तो त्यावर वाजवलेला नाही आणि वाजवणार नाही. अशा सिलिंडरांसाठी विजेवर चालणारी, अगदी हलक्या सुईची यंत्रं आहेत, उदाहरणार्थ आन्री शामू यांनी बनवलेलं आर्केओफोन. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने असे हजारो सिलिंडर डिजिटल करून सगळ्यांना ऐकायला खुले केले आहेत. माझा तपकिरी सिलिंडर त्याच वाटेने जायला हवा.

काळे सिलिंडर मी अधूनमधून वाजवते. प्रत्येक वाजवण्यात थोडी झीज आहेच, म्हणून तोच तोच परत लावत नाही, आणि लावण्याआधी खडा भिंगाखाली बघते. चाबी पूर्ण भरत नाही. दोन मिनिटांच्या एका गाण्याला तेवढी लागतच नाही, आणि जुन्या पोलादावर शेवटच्या काही फेऱ्यांचा ताण टाकण्यात अर्थ नाही. गव्हर्नरच्या कातड्याला दर काही महिन्यांनी तेलाचा थेंब देते. बराच काळ वाजवायचं नसेल तर स्प्रिंग पूर्ण उतरवून ठेवते, आणि सिलिंडर डब्यात उभे, कोरड्या जागी.